वर्तुळातला मॅकबेथ: ट्रेव्हर नन, इयन मॅकेलन, जुडी डेंच

शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'चा एकच चित्रित प्रयोग पाहायचा असेल, तर रॉयल शेक्सपिअर कंपनीचा १९७६चा पाहावा. दिग्दर्शन ट्रेव्हर नन, नेपथ्य जॉन नेपियर, मॅकबेथ इयन मॅकेलन, लेडी मॅकबेथ जुडी डेंच. मूळ प्रयोग स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनच्या 'दि अदर प्लेस' या छोट्या नाट्यगृहात झाला आणि पुढे लंडनला गेला. थेम्स टेलिव्हिजनने तो स्टुडिओत चित्रित करून जानेवारी १९७९मध्ये दाखवला. टीव्हीसाठीचं दिग्दर्शन फिलिप कॅसन यांचं. हे चित्रीकरण डीव्हीडीवर निघालेलं आहे, लांबी साधारण दोन तास पंचवीस मिनिटं.

चित्र जुन्या व्हिडिओचं आहे. रंग फिके, चौकट चौरसाकडे झुकणारी, आणि पात्रांच्या मागे बहुतेक वेळ नुसता काळोख. किल्ला नाही, जिना नाही, सिंहासन म्हणावं असं काही नाही. पहिली पाच मिनिटं हे सगळं खटकतं. सहाव्या मिनिटापासून त्याची आठवणही राहत नाही, आणि असं का होतं तेच या प्रयोगात पाहण्यासारखं आहे.

ही रिकामी जागा पैसे नव्हते म्हणून आलेली नाही. नन यांनी १९७४मध्ये हेच नाटक कंपनीच्या मोठ्या थिएटरात केलं होतं, निकोल विल्यमसन आणि हेलन मिरन यांना घेऊन. त्याचं नेपथ्य चर्चच्या धर्तीचं, भव्य होतं. तो प्रयोग लंडनला नेताना त्यांनी त्यातलं बरंच काढून टाकलं, आणि १९७६ला तिसऱ्यांदा हात घातला तेव्हा जवळजवळ सगळंच काढलं. नाटक तेच, दिग्दर्शक तोच, नेपथ्यकारही नेपियरच. 'दि अदर प्लेस' म्हणजे पत्र्याची शेड. प्रेक्षक दोनशेहून कमी, पहिली रांग नटापासून हातभर अंतरावर. कंपनीने १९७४मध्ये ही जागा प्रयोगांसाठी उघडली. त्याच वर्षी दादरला छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेचे प्रायोगिक नाटकांचे प्रयोग सुरू झाले. छबिलदासची परंपरा ज्यांनी पाहिली वा वाचली आहे, त्यांना या मॅकबेथची भाषा ओळखीची वाटेल: विंगा नाहीत, पडदा नाही, आणि नटाचा श्वास चुकला तर तोही ऐकू येतो.

रचना अशी आहे. जमिनीवर एक वर्तुळ आखलेलं आहे आणि त्याच्या कडेने लाकडी खोकी मांडली आहेत. सुरुवातीला सगळे नट येऊन त्या खोक्यांवर बसतात. ज्याचा प्रवेश असेल तो उठून वर्तुळात येतो, प्रवेश संपला की पुन्हा कडेला. एन्ट्री आणि एक्झिट यांत वाया जाणारा वेळ इथे उरतच नाही. एका प्रवेशाचं शेवटचं वाक्य हवेत असतानाच पुढच्या प्रवेशाचं पात्र आत पाऊल टाकतं. 'मॅकबेथ' ही शेक्सपिअरची सर्वांत छोटी शोकांतिका आहे, जेमतेम २१०० ओळींची. तिच्यात प्रवेश मात्र पंचवीसहून जास्त आहेत आणि त्यांतले कित्येक दीड-दोन मिनिटांचे. दर प्रवेशाला ब्लॅकआउट करून सामान हलवलं, तर नाटकाचा दम तिथेच जातो. आपल्याकडच्या हौशी प्रयोगांत नेमकं हेच होतं: मंडळी संहिता कापतात आणि ब्लॅकआउट वाढवतात. नन यांनी संहिता बरीचशी ठेवली आणि मधल्या फटी बुजवल्या. मूळ प्रयोगाला मध्यंतरही नव्हतं. त्याला कारण आहे. मॅकबेथला विचार करायला सवड मिळाली तर तो थांबेल, आणि प्रेक्षकाला सवड मिळाली तर तो मॅकबेथपासून सुटेल.

पहिल्याच दृश्यात पांढऱ्या वस्त्रातला, थकलेला राजा डंकन (ग्रिफिथ जोन्स) प्रार्थना करतो आहे आणि त्याच्या प्रार्थनेवर चेटकिणींचं विव्हळणं चढत जातं. दोन वयस्क बायका आणि एक तरुण मुलगी. भविष्य दिसतं ते त्या मुलीला, आणि तिला ते सोसत नाही. धूर नाही, हिरवा प्रकाश नाही, किंचाळणं नाही. आपल्या गावात अंगात येणारी बाई ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला हा अभिनय किती अचूक आहे ते लगेच कळेल.

आता दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश. डंकनचा खून रंगमंचाबाहेर होतो आणि मॅकबेथ हातात दोन खंजीर घेऊन येतो. मूळ संहितेत इथे ओळीच नाहीत म्हटलं तरी चालेल, नुसते तुकडे आहेत. काम झालं. आवाज नाही ऐकलास? घुबड ओरडलं, आणि रातकिडे. तू काही बोललास? कधी? आत्ता. उतरताना? बहुतेक प्रयोगांत हे संवाद वेगाने, धापा टाकत म्हटले जातात आणि वाया जातात. मॅकेलन आणि डेंच ते जवळजवळ श्वासानेच बोलतात. एवढा खालचा सूर लावायचा तर दोघांची शब्दफेक अगदी स्वच्छ हवी. शब्दाचं शेवटचं व्यंजन गिळलं तर कुजबुज नुसती फुसफुस होते. इथे एकही व्यंजन गळत नाही. मॅकेलनच्या हातातले खंजीर एकमेकांवर आपटून खडखडतात आणि तो आवाज कोणत्याही पार्श्वसंगीतापेक्षा जास्त काम करतो. हे खंजीर इथे कशाला आणलेस, असं लेडी मॅकबेथ विचारते तेव्हा ती चिडलेली नाही. योजनेतली पहिली चूक तिला दिसली आहे आणि ती आकडेमोड करते आहे. ती खंजीर घेऊन जाते, परत येते तेव्हा तिचेही हात लाल आहेत, आणि दार ठोठावल्याचा आवाज सुरू होतो.

हा प्रवेश बसवणाऱ्यांनी इथलं एक व्यावहारिक गणित लक्षात घ्यावं. रक्ताचे हात घेऊन आत गेलेला मॅकबेथ थोड्याच वेळात झोपेतून उठून आल्यासारखा, स्वच्छ हातांनी परत यायचा असतो. त्याला मिळतो तो द्वारपालाचा प्रवेश, साधारण ४० ओळी. म्हणजे अडीच-तीन मिनिटांत हात कोपरापर्यंत धुऊन, पुसून, अंगरखा बदलायचा. द्वारपालाचा विनोद कापणारे दिग्दर्शक आपल्याच नटाची कोंडी करतात. रक्त घट्ट साखरेच्या पाकाचं केलं तर ते दिसायला उत्तम असतं, पण थंड पाण्याने निघत नाही आणि नखांत राहतं. पहिली रांग हातभर अंतरावर असेल तर ते दिसतंच. पाकात थोडा द्रव साबण मिसळावा, बाहेर कोमट पाण्याची बादली आणि गडद रंगाचे दोन पंचे तयार ठेवावेत, आणि ही धुलाई तालमीतच घड्याळ लावून करावी.

जुडी डेंच यांचं काम या प्रयोगात सर्वांत मोठं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. साधा काळा पोशाख, डोक्याला घट्ट बांधलेलं काळं वस्त्र, दागिना नाही. पहिल्या अंकात लेडी मॅकबेथ दुष्ट शक्तींना बोलावते, माझं बाईपण काढून घ्या म्हणते. हे स्वगत म्हणजे राक्षसिणीची गर्जना, असं समजून ते म्हणण्याची वहिवाट आहे. डेंच ते घाबरत म्हणतात. बोलावतात, आणि काहीतरी खरंच आल्यासारखं वाटून दचकून मागे सरतात, मग पुन्हा धीर करून पुढे होतात. त्या एका दचकण्याने पुढचं सगळं नाटक बदलतं. ही बाई जन्मतः क्रूर नाही, नवऱ्यासाठी स्वतःला क्रूर करून घेते आहे, आणि ते आपल्याला पेलणार नाही हे तिला त्याच क्षणी कळलेलं आहे. त्याच हंगामात डेंच कंपनीच्या 'मच अडू अबाउट नथिंग'मध्ये हजरजबाबी बिअ‍ॅट्रिस करत होत्या, आणि मॅकेलन रोमिओ. या जोडीला प्रेमिकांच्या भूमिकांचा सराव होता आणि तो इथे उपयोगी पडला. नवरा परत येतो तेव्हाची त्यांची मिठी पाहा. यांच्या संसारात खून प्रेमाच्या वाटेने येतो.

लेडी मॅकबेथच्या भूमिकेतली खरी अडचण मात्र वेगळी आहे. मेजवानीच्या प्रवेशानंतर (तिसरा अंक, चौथा प्रवेश) ती गायब होते. आख्ख्या चौथ्या अंकात ती नाही. पाचव्या अंकात येते ती थेट झोपेत चालत. मधली घसरण शेक्सपिअरने लिहिलेलीच नाही. ती मेजवानीच्या शेवटच्या वीस-पंचवीस ओळींत पेरली नाही, तर निद्राभ्रमणाचा प्रवेश नुसता करामतीचा तुकडा होऊन बसतो. पाहुण्यांना घालवून दिल्यानंतर डेंच जे करतात त्याकडे बारकाईने पाहावं. संवाद फारसे नाहीतच. मॅकबेथ पुढच्या खुनांचे बेत बोलतो आहे आणि ती ऐकते आहे, आणि ऐकता ऐकता तिच्यातलं बळ ओसरतं. आता आपली गरज उरली नाही, हे तिला समजलेलं चेहऱ्यावर दिसतं.

मग निद्राभ्रमण. संहितेत या प्रवेशात तीन उद्गार लिहिलेले आहेत, नुसते 'ओ, ओ, ओ'. त्यावर वैद्य म्हणतो, केवढा हा उसासा. म्हणजे नटीने असा आवाज काढला पाहिजे की त्याला उसासा म्हणता येईल आणि तो ऐकून वैद्य हादरेल. बऱ्याच जणी इथे हुंदके देतात. डेंच एक बारीक, लांबलचक आवाज काढतात. तो सुरू होतो तेव्हा ऐकू येतो की नाही अशी शंका येते, मग तो वाढतो, संपेल असं वाटतं तिथे संपत नाही, आणि छातीतली सगळी हवा निघून गेल्यावरच थांबतो. मेणबत्तीचा उजेड, चोळले जाणारे हात आणि तो आवाज, बस. मराठी रंगभूमीवर रडणं पुष्कळ आहे. रडण्याच्या पलीकडचा आवाज कसा असतो, हे शिकण्यासाठी आपल्या नटींनी हा प्रवेश पुन्हा पुन्हा पाहावा.

मॅकेलन यांचा मॅकबेथ सुरुवातीला सैनिक आहे, नीटनेटका, संयमी. राजा झाल्यावर केस चापूनचोपून मागे बसवलेले, चेहरा जास्त कडक. मेजवानीत त्यांनी जोखीम घेतली आहे. पहिल्या छापील आवृत्तीत, १६२३च्या फोलिओत, मॅकबेथने मारवलेल्या सोबत्याचं, बँकोचं भूत येऊन मॅकबेथच्या जागेवर बसतं अशी रंगसूचना आहे. नन यांनी भूत दाखवलेलं नाही. खोक्यांवर बसलेले पाहुणे, आणि एका रिकाम्या जागेकडे पाहून तोंडाला फेस येईपर्यंत कोसळणारा यजमान. ही निवड मला पटते, कारण बँकोचं (जॉन वुडवाइन) भूत पांढरं फासून आणलं की प्रेक्षक मेकअप पाहतो. तिची किंमतही आहे: ज्याला कथा माहीत नाही त्याला पहिला अर्धा मिनिट काय चाललंय ते कळत नाही. भूत न दाखवता हा प्रवेश करायचा तर नटाची नजर एकाच बिंदूवर, एकाच उंचीवर राहायला हवी. तालमीत त्या जागी खरा माणूस बसवावा, मग तो काढून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर मागच्या भिंतीला चिकटपट्टी लावावी, शेवटी तीही काढावी. नजर वीतभर जरी सरकली तरी भूत मेलं.

राणी मेल्याची बातमी येते तिथलं 'उद्या, आणि उद्या, आणि उद्या' हे स्वगत मॅकेलन कोरड्या आवाजात, न रडता म्हणतात. त्याआधीच्या ओळीला दोन अर्थ आहेत: ती कधीतरी मरणारच होती, किंवा तिने नंतर मरायला हवं होतं, शोक करायला वेळ असता तेव्हा. बहुतेक नट यांतला एक अर्थ निवडतात. इथे दोन्ही शिल्लक राहतात आणि म्हणूनच ती ओळ पोटात तुटते.

दुय्यम पात्रांत इयन मॅक्डायर्मिड यांनी द्वारपाल आणि रॉस अशा दोन्ही भूमिका केल्या आहेत. द्वारपाल म्युझिक हॉलमधल्या (जुन्या इंग्रजी गाणी-विनोदाच्या करमणूकगृहातल्या) विनोदी नटाच्या ढंगाचा, रॉस मात्र नेमस्त आणि गुळगुळीत. रॉस हे पात्र आपल्याकडे कापण्याची पद्धत आहे, ती सोडावी. नाटकातली जवळजवळ प्रत्येक वळणाची बातमी तोच आणतो. मॅकबेथला नवी पदवी मिळाल्याची बातमी त्याची, आणि मॅकबेथविरुद्ध उभा राहणाऱ्या मॅकडफ या सरदाराला बायकामुलं मारली गेल्याची बातमीही त्याचीच. एकाच नटाचा एकच चेहरा या दोन्ही बातम्या घेऊन येतो तेव्हा राज्य कुठून कुठे आलं ते वेगळं सांगावं लागत नाही.

ती दुसरी बातमी ज्या प्रवेशात येते, तो इंग्लंडमधला चौथ्या अंकातला तिसरा प्रवेश, एरवी झोप आणणारा. डंकनचा मुलगा मॅल्कम (रॉजर रीस) स्वतःवर खोटे आरोप घेऊन मॅकडफची परीक्षा पाहतो, आणि हे पुष्कळ लांबतं. नन यांनी तो बऱ्यापैकी पूर्ण ठेवला आहे आणि मला वाटतं यातली पाच मिनिटं जास्तच आहेत. पण त्याच्या शेवटी बॉब पेक यांचा मॅकडफ बातमी ऐकतो. तो ओरडत नाही. सगळी? सगळी म्हणालास? पुन्हा विचारतो, कारण वाक्य आत पोचलेलं नाही. मर्दासारखं सहन कर, असं मॅल्कम म्हणतो, त्यावर पेक यांनी घेतलेला पॉझ इतका लांब आहे की नट ओळ विसरला की काय असं वाटावं. मग उत्तर येतं: करेन, पण माणसासारखं ते मला जाणवूही दे. संपूर्ण चित्रीकरणात डेंच यांच्या तोडीचा दुसरा क्षण हाच.

उणिवाही आहेत आणि त्या लहान नाहीत. पहिली कॅमेऱ्याची. मूळ प्रयोगात कडेला बसलेले नट सतत दिसत असत, म्हणजे मॅकबेथ जे काही करतो ते सगळ्या समाजाच्या डोळ्यांसमोर. टीव्हीवर चेहरे इतके जवळून घेतले आहेत की वर्तुळ हरवतं. सुरुवातीचा वरून घेतलेला भाग सोडला तर जागेचा अंदाजच येत नाही. कोण कुठून आलं, किती अंतरावर उभं आहे, हे ब्लॉकिंग, म्हणजे रंगमंचावरच्या हालचालींची आखणी, शिकू पाहणाऱ्याला यातून कळणार नाही. दुसरी उणीव शेवटच्या लढाईची. वर्तुळात सैन्य मावत नाही हे मान्य, पण चित्रीकरणातली झुंज तुटक कापली आहे आणि तलवारीचं वजन जाणवत नाही. चौथ्या अंकातल्या भविष्यवाण्यांसाठी बाहुल्या वापरल्या आहेत, आणि मॅकबेथ पुढे त्या जवळ बाळगतो. कल्पना चांगली आहे, ताईत जपणाऱ्या माणसासारखा तो दिसतो. पण त्या बोलताना कोणता आवाज कोणाचा ते पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या लक्षात येणं कठीण. शिवाय मॅकेलन स्वर लांबवतात, विशेषतः दुसऱ्या भागात. टीव्हीच्या इतक्या जवळच्या चौकटीत ती लकब दोन-तीन ठिकाणी उघडी पडते.

पाहताना काही गोष्टी सांभाळाव्यात. मोबाइलवर पाहू नये, काळ्या पार्श्वभूमीवर काळे कपडे असल्यामुळे नुसता चिखल दिसतो. खोली अंधारी करावी आणि टीव्हीवर चित्र रुंदीला ताणलं जाऊ देऊ नये, चेहरे फुगतात. आवाजाची पातळी खुनाच्या प्रवेशातल्या कुजबुजीवर ठरवावी. ती स्पष्ट ऐकू येईल इतका आवाज ठेवला की बाकीचं आपोआप बसतं, आणि शक्य असेल तर हेडफोन लावावेत. इंग्रजी जड जात असेल तर आधी शिरवाडकरांचा 'राजमुकुट' वाचून घ्यावा. रूपांतर असल्यामुळे ओळीला ओळ जुळणार नाही, पण प्रसंगांचा क्रम डोक्यात पक्का होतो आणि मग कान शब्दांच्या मागे धावत नाहीत. मूळ संहिता मांडीवर घेऊन पहिल्यांदा पाहू नये, डोळे पानावर गेले की चेहरा हुकतो. थांबणं भागच असेल तर मेजवानी संपल्यावर थांबावं, त्याआधी कुठेही नाही.

मराठीत असा प्रयोग करू पाहणाऱ्या संस्थेला १४ ते १६ नट पुरतात. वर्तुळाचा व्यास १८ ते २० फूट ठेवला तर तलवार फिरवता येते आणि कुजबुजही पोचते. खोकी सगळी एकाच उंचीची नसावीत, नाहीतर शाळेतला वर्ग वाटतो. आणि कडेला बसलेल्या नटांना पहिल्या तालमीपासून बसवावं. न बोलता दोन-सव्वादोन तास लक्ष देऊन बसणं ही स्वतंत्र तयारी आहे. एकाचं जरी लक्ष उडालं तर प्रेक्षकाचंही उडतं.

शेवटी मॅल्कम राजा होतो, पण जयघोष नाही. सगळे दमलेले आहेत. नव्या राजाचं भाषण चाललेलं असताना मॅकडफच्या हातांकडे पाहावं. ते रक्ताने भरलेले आहेत, दुसऱ्या अंकात मॅकबेथचे होते तसेच.